धनगरणीची लोटी

आत्याबाई, मी बँकॉकला जाऊन आले.

एवढं एक वाक्य लिहिलं आणि मघापासून त्याच्याकडेच बघत बसले आहे. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "कुठशिक आलं ते? परळीच्या पल्याड?" मग मी सांगितलं असतं की समुद्राच्या पल्याड, विमानानं जावं लागतं. त्यावर तुमचा दुसरा प्रश्न ठरलेला होता, "तितं पानी कुठून येतं?" लोक नव्या गावाला गेले की देऊळ बघतात, बाजार बघतात; तुम्ही आधी पाणी बघायचात. लग्नाला गेलो तरी मांडवात टेकण्याआधी तुम्ही मागच्या दारानं जाऊन विहिरीत वाकून यायचात आणि माझ्या कानात सांगायचात, "पोरगी द्यायला घर बरं हाय, तळ दिसत न्हाई." इकडे भटजी मंगलाष्टकं म्हणायच्या बेतात असायचे, पण विहीर बघितल्याशिवाय तुमच्या हातून अक्षता पडायच्या नाहीत. मी तुमची नवी सून, तुमच्या त्या वाकण्याची मला तेव्हा लाज वाटायची. आता माझी सून माझ्याकडे तशीच बघते, आणि मी तरीही वाकते.

तुम्ही होतात तेव्हा आपल्या गावातली डेअरी पुरुषांची होती. शेण आपण काढायचं, धार आपण काढायची, आणि दूध घालायला व पगार घ्यायला घरधन्यानं जायचं. तुमच्या माघारी बायकांची वेगळी दूध संस्था निघाली आणि तिची चेअरमन मी झाले, कारण पहिल्या मीटिंगमध्ये न लाजता प्रश्न विचारणारी मी एकटीच होते. ती खोड कुणाची ते तुम्हाला ठाऊक आहे. तर यंदा जिल्ह्यातल्या अशा संस्थांच्या बायकांचा अभ्यास दौरा निघाला. तिकडच्या डेअऱ्या बघायच्या, गोठे बघायचे, आणि शेवटचा एक दिवस मोकळा, शहर बघायला. गावात जी हसाहस झाली ती विचारू नका. आपल्याकडे एकेक पुढारी अभ्यास दौऱ्याला बँकॉकला जाऊन येतो आणि आल्यावर काय अभ्यास केला हे त्याला कुणी विचारत नाही, त्याची बायको तर मुळीच नाही. तुमचा लेक, माझा घरधनी, ओट्यावर बसून म्हणाला, "बायकांनी बँकॉकला जाऊन करायचं काय?" मी म्हटलं, "तुमी जाऊन काय करताव तेच बघायला चाललाव." त्यावर चार माणसं हसली आणि त्यानं पान लावायला घेतलं.

गोठे बघितले. चांगले आहेत, पंखे आहेत, गायींना आपल्या घरापेक्षा जास्त वारा आहे. पण मला तुम्हाला सांगायचं आहे ते शेवटच्या दिवसाचं, आणि ते सांगायला त्याच्या आदल्या दिवसापासून सुरुवात करावी लागेल.

त्या शहरात नदी तर आहेच, पण गल्लीबोळांसारखे कालवेही आहेत. घरं कालव्यावर, दारात पायरी आणि पायरीला पाणी. आदल्या दिवशी गाइडनं आम्हा सगळ्यांना एका लांबुळक्या बोटीत बसवून त्या कालव्यांतून फिरवलं. एका देवळाच्या धक्क्यावर बोट थांबली, बायका माशांना पाव टाकायला उतरल्या. ऊन असं की आपल्या वैशाखाला सावली म्हणावं. त्यात हवा ओली. मला गरगरलं. धक्क्याला लागूनच एक लाकडी घर होतं, त्याच्या पायरीवर मी बसले. आतून एक म्हातारी बाई आली, माझ्याच वयाची. बघा, मी तिला म्हातारी म्हणते आहे. तिनं माझ्या कपाळाला हात लावला, आत गेली आणि ॲल्युमिनियमच्या एका वाडग्यात पेरूच्या फोडी घेऊन आली. त्यावर तिखट, मीठ आणि साखर. आत्याबाई, तिखट-मीठ लावलेला पेरू! एवढ्या लांब येऊन मी काय खाल्लं, तर पेरू. दोन फोडी पोटात गेल्या आणि डोळ्यांपुढचे काजवे गेले. तेवढ्यात गाइड ओरडायला लागला, बोटवाला भोंगा वाजवायला लागला, मी धावत जाऊन बोटीत बसले. बोट कालव्याच्या मध्यावर गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिचं वाडगं माझ्या हातात आहे.

बाकीच्या बायका हसल्या. एकजण म्हणाली, "असू द्या चेअरमनबाई, आठवण म्हणून ठेवा." मी मात्र ते वाडगं पदराखाली घेऊन बसले. का, हे त्या बोटीत कुणाला कसं सांगणार? आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या देवळीत इतकी वर्षं बसलेली ती लोटी तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?

त्या दुष्काळात आपली जनावरं कारखान्याच्या रानातल्या छावणीत होती, आणि जनावरांबरोबर आपणही. मामंजी घर राखायला गावात; आपण दोघी, दोन गायी, बैलजोडी आणि माझं तान्हं पोर पाचटाच्या खोपीत. सकाळी ट्रॅक्टरनं उसाचे वाढे यायचे, ते जनावरांपुढे टाकायचे. मग टँकरची वाट बघायची. त्यात मला तापानं धरलं, अंगावरचं दूध आटलं आणि पोर रडून रडून निळं पडायला लागलं. गायींच्या सडाला थेंब नव्हता. तेव्हा सडकेनं मेंढरं चालली होती. तुम्ही पदर खोचून त्या कळपामागे धावत गेलात. धनगराच्या एका बाईनं तिथंच एक शेळी धरली, आपल्या लोटीत धार काढली आणि तुमच्याबरोबर खोपीपर्यंत आली. मी आत पडलेली. मला खोपीच्या दारातून फक्त तिचे पाय दिसले, धुळीनं भरलेले, त्यांत चांदीचे वाळे. आणि तिचा आवाज ऐकू आला, "लोटी राहू दे बाई, येताना घिऊन जाईन. आदी लेकराला पाज." त्या दुधावर पोरानं ती रात्र काढली, दुसऱ्या दिवशी माझा ताप उतरला. मेंढरं त्या सडकेनं परत आली नाहीत. छावणी उठली तरी आली नाहीत.

दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, काहीच नसलं तर साखरेचे चार दाणे तरी घालायचे, हे तुम्ही मला लग्नानंतर आठवड्याच्या आत शिकवलं होतं. शेजारणीची कढीची वाटी मी नुसती धुऊन दिली म्हणून तुम्ही ती अर्ध्या वाटेवरून परत आणवलीत. "रिकामं भांडं देनं म्हंजी तिच्या दारात जाऊन जांभई देनं," असं म्हणाला होतात. मग परतच न केलेलं भांडं तर विचारायलाच नको. आपल्या घरच्या सगळ्या पितळेवर मामंजींचं नाव कोरलेलं. या लोटीवर नाव नाही, गाव नाही, काठाजवळ एक पोचा तेवढा. ती तुम्ही चिंचेनं घासून देवळीत ठेवलीत आणि पाऊस पडून पेरण्या झाल्यावर तुमचं हिंडणं सुरू झालं.

मामंजी ओट्यावर असायचे. तुम्ही लोटी फडक्यात बांधून निघायचात.

"आता कुठं?" ते विचारायचे.

"लोटी द्यायला."

"घावली व्हय ती बाई?"

"हिंडल्याबिगर घावंल कशी?"

यावर मामंजी पान लावायला घ्यायचे. तेलगावला बांगड्या भरायला जायचं म्हटलं तर आठ दिवस आधी विचारावं लागणारं आपलं घर. पण कुणाचं भांडं घरात ठेवून घ्यायचं हे त्यांच्याही धर्मात बसत नव्हतं. तुम्ही मला हाक मारायचात, "चल गं, पोराला घे. तिला पोरगं दाखवायचं हाय." आणि आपण निघायचो. लोटी रिकामी न्यायची नाही म्हणून तिच्यात शेंगदाणे आणि गूळ भरलेला. कुणाच्या रानात मेंढरं बसली आहेत असं कळलं की तिथं. कुठे जत्रा असली की तिथं. एकदा कुणीतरी सांगितलं की मेंढरं माजलगावच्या धरणाकडे गेलीत, तर आपण तिकडे. मेंढरं काही दिसली नाहीत, पण तुम्ही भिंतीवर अशा उभ्या राहिलात की हलेनात. आयुष्यात एका ठिकाणी एवढं पाणी तुम्ही पहिल्यांदा बघत होतात. तिथल्या राखणदाराला विचारलंत, "भाऊ, एवढं पानी कुनाचं हाय?" तो म्हणाला, "सरकारचं." तुम्ही जरा विचार करून म्हणालात, "सरकारला एवढी तहान लागती व्हय?" तो बिचारा हसला, मग त्यानं धरणाची दारं कशी उघडतात ते सगळं समजावून सांगितलं, कालवा कुठे जातो ते दाखवलं, आणि आपल्या डब्यातली भाकरीही दिली. परतताना स्टँडवरच्या लिंबाखाली बसून आपण लोटीतला गूळ आणि शेंगदाणे खाल्ले. दरवेळी तसंच व्हायचं. धनगरीण सापडायची नाही आणि लोटी आपणच रिकामी करायचो.

तुम्ही गेलात त्या आठवड्यात मला जवळ बोलावून म्हणालात, "लोटी आता तुज्याकडं." मी मान हलवली. पण मी काही तुमच्यासारखी हिंडले नाही. जनावरं, पोरं, संस्था. लोटी देवळीत, आणि मी तिला दिवाळीच्या दिवाळीला घासते.

म्हणून त्या बोटीत मला हसू आलं नाही. देवळीत आणखी एक भांडं येऊन बसणार, आणि याच्या धनिणीचं गाव तर समुद्रापलीकडे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचं विमान होतं. त्या शेवटच्या मोकळ्या दिवशी सगळ्या बायका मॉल बघायला निघाल्या, सरकत्या जिन्यावर फोटो काढायचे म्हणून. मी म्हटलं, मी हे वाडगं देऊन येते. गाइडनं कपाळावर हात मारला. बायका म्हणाल्या, एवढ्या मोठ्या शहरात घर सापडणार कसं? मी म्हटलं, हिंडल्याशिवाय सापडेल कसं? आणि म्हणाले ते म्हणाले, मग माझी मीच चमकले, कारण आवाज तुमचा होता.

माझ्याबरोबर एकजण आली. पाटोद्याकडची संचालिका, माझ्याहून बरीच लहान, तोंडाची फटकळ. तिचं माहेर धनगराचं. परकर घालायची तेव्हापासून बापाबरोबर मेंढरामागे हिंडलेली. म्हणाली, "मॉलात काय बघायचं? सामान तर बघायचं. चला ताई, मी येते." तिच्या मोबाइलमध्ये त्या देवळाच्या धक्क्याचा फोटो होता. हॉटेलातल्या पोरीनं तो बघून नकाशावर बोट ठेवलं आणि कुठल्या बोटीत बसायचं ते खुणेनं सांगितलं. वाडग्यात काय घालायचं हा प्रश्न नव्हता. घरून आणलेल्या गुळाची ढेप अर्धी उरली होती आणि भाजलेले शेंगदाणे होते. काठोकाठ भरलं, वर फडकं बांधलं आणि निघालो.

आत्याबाई, तो दिवस तुम्ही बघायला हवा होता. नदीवर आपल्या एसटीसारख्या बोटी धावतात, तिकीट काढायचं आणि बसायचं. कंडक्टरीण डबा वाजवत येते. आम्ही उतरायचं त्या थांब्यावर उतरलोच नाही. मुद्दाम नाही, बघता बघता राहून गेलं. मग म्हटलं आता शेवटपर्यंत जाऊ आणि परत येऊ, दिवस आपलाच आहे. मोठाली देवळं काठाकाठानं गेली, त्यांची सोनेरी टोकं उन्हात चमकत होती, पण मी त्या नदीकडेच बघत होते. एवढं पाणी आणि कुणी राखणीला नाही. कुणाच्या डोक्यावर घागर नाही. पाण्यातून एक भलीमोठी घोरपड पोहत गेली आणि काठावरचा माणूस तिच्याकडे ढुंकूनही न बघता दाढी करत राहिला. गल्लीत शिरलो तर घराघरापुढे खांबावर एकेक लहानसं देऊळ, बाहुल्यांच्या घराएवढं, आणि त्यात देवापुढे लाल सरबताची बाटली ठेवलेली, तिच्यात कागदाची नळी.

माझी सोबतीण थांबली. "अवं ताई, देवाला नळी दिली!"

"सोवळं असंल," मी म्हटलं. "बाटलीला व्हट लागू नये म्हनून."

"मंग आपल्या देवानं काय पाप केलंय? त्याला आपण तीर्थ पळीनं पाजताव." ती देवाला हात जोडून पुढे निघाली. रस्त्यावरची एक फुलवाली आमच्याकडे बघून हसत होती. तिला आमचं काही कळलं नव्हतं, आणि आम्हाला तिचं, तरी आम्ही तिघीही बराच वेळ हसत राहिलो.

कालव्याच्या बोटीची वाट बघत बाकावर बसलो होतो तेव्हा तिनं विचारलं की एका वाडग्यासाठी मी एवढी का तळमळते आहे. मी तिला लोटीची सगळी गोष्ट सांगितली. छावणी, शेळीचं दूध, आपलं हिंडणं, लिंबाखालचा गूळ. तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. ती मात्र भुवया उंचावून माझ्याकडे बघायला लागली.

"किती वर्सं हिंडलाव म्हनता?"

"पोरगं दहावीला जाईपर्यंत. सासूबाईंचे पाय चालत होते तवर."

"अन् घावली न्हाई?"

"न्हाई."

"कशी घावत न्हाई?" ती म्हणाली. "ताई, मेंढरं काय वाऱ्यावर हिंडत न्हाईत. वाट ठरलेली असती. दरसाल तीच वाट, तीच रानं, तेच पाटील. पाऊस न्हाई झाला तर एखादं साल चुकतं, पर पुढच्या साली माणूस तितंच येतं. ज्या सडकेला दूध दिलं त्या गावात कुनालाबी इचारलं असतं तर सांगितलं असतं कुनाची मेंढरं होती. तुमच्या सासूला हे ठावं नसंल व्हय?"

मी वाडग्यावरचं फडकं पुन्हा घट्ट बांधलं. तुम्हाला ठाऊक नसणार हे शक्यच नव्हतं. आपल्या शिवारात कुणाची मेंढरं कधी बसतात, किती रात्री बसतात, त्या बदल्यात किती ज्वारी घेतात, हे सगळं गावातल्या पुरुषांना तुम्ही सांगायचात. आणि मला पाटोद्याचा तो बाजार आठवला. तो मी विसरले नव्हते, पण त्याच्याकडे कधी नीट बघितलंही नव्हतं.

बाजाराचा दिवस, मिरच्यांचे ढीग, माझा पोरगा शाळेत जायला लागलेला. गर्दीतून एक उंच बाई समोरून येते, हिरवं लुगडं, हनुवटीवर गोंदण. ती तुमच्यापुढे थांबते, मग माझ्या बोटाला धरलेल्या पोराकडे बघते आणि म्हणते, "हेच का ते लेकरू? लई मोठं झालं की बाई!" तुम्ही तिचा हात हातात घेता. "झालं तुज्या दयेनं," असं काहीतरी म्हणता, गर्दीत मला धड ऐकू येत नाही. लोटी तुमच्या काखेत आहे, फडक्यात बांधलेली, गूळ-शेंगदाण्यांनी भरलेली. तुम्ही ती काढत नाही. तिचा हात दाबता, सोडता, आणि माझ्याकडे वळून म्हणता, "चल गं, गाडी जाईल." गाडीला अजून बराच वेळ होता. स्टँडवर आल्यावर आपण लिंबाखाली बसलो, तुम्ही फडकं सोडलंत. मी विचारलं, "कोण होती ती?" तुम्ही शेंगदाणे चोळत म्हणालात, "असंल कुनीतरी. बाजारात मान्सं इचारत्यात." आणि मला गुळाचा मोठा खडा दिलात. तिच्या पायांत वाळे होते का, ते मी बघितलं नाही. मी तुमचं ऐकून मुकाट्यानं गूळ खाल्ला.

त्यानंतरही आपण लोटी घेऊन कितीतरी गावं हिंडलो, आत्याबाई. धनगरीण भेटल्यानंतरही! परक्या शहरातल्या त्या बाकावर मला आधी तुमचा राग आला. मग हसू आलं, आणि मग डोळ्यांत पाणी आलं. सोबतीण घाबरली, तिला वाटलं मला परत गरगरतंय. तुम्हाला जग बघायचं होतं. विहिरी, धरणं, बाजार, परकी माणसं, त्यांच्या भाकरी. आणि आपल्या घरातून बाईला बाहेर जायला एकच कारण चालत होतं, ते देवळीत होतं. लोटी दिली असती तर दुसऱ्या दिवशी मामंजींनी विचारलं असतं, "आता कुठं?" आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. मला तेव्हा हे सांगितलं का नाहीत? मी कुणाला बोलले असते? का तुम्हालाच ते असं उघड कबूल करायचं नव्हतं?

घर सापडलं. धक्क्याला लागूनचं तेच, निळ्या दाराचं. दारात ओळीनं रांजण ठेवलेले, आपल्याकडच्या रांजणांपेक्षा उंच, पोटं सुटलेले. काल गरगरण्यात मला ते दिसले नव्हते. मी आधी तिकडेच गेले. पायाशी कालवा भरून वाहतो आहे आणि या बाईनं रांजण कशाला भरून ठेवलेत? वर बघितलं तर छपराची पन्हळ रांजणात सोडलेली. कालव्याचं पाणी प्यायचं नाही, प्यायचं ते पावसाचं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. तिथं पाणी आपल्यासारखंच वरून येतं, आणि तिथली माणसंही ते झाकून ठेवतात.

मी एकाचं झाकण सरकवून रांजणात वाकलेली असतानाच बाई बाहेर आली. आधी दचकली, मग ओळखून टाळी वाजवली. मी फडकं सोडून वाडगं पुढे केलं. तिनं गुळाचा वास घेतला, खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि शेजारच्या घराकडे तोंड करून कुणाला तरी मोठ्यानं हाका मारल्या. शेजारीण आली, तिनंही खाल्ला. मी मराठीत सांगत होते की हा आमच्याकडच्या उसाचा आहे, त्या आपल्या भाषेत बोलत होत्या, माझी सोबतीण दोघींच्या मध्ये उगाच हो-हो करत होती. मग बाईनं रांजणातलं पाणी दिलं. मी आपल्या सवयीनं वरून प्यायला गेले आणि पोलकं भिजलं. त्या दोघी पोट धरून हसल्या. त्या दुपारी आम्ही त्या पायरीवर कालव्यात पाय सोडून बसलो, आणि मला वाटतं, साठी उलटल्यावर मी पहिल्यांदाच काही काम नसताना कुणाच्या तरी दारात बसले.

निघताना तिनं वाडगं आत नेलं. मला वाटलं, संपलं, पोचलं एकदाचं. आणि ती परत आली ती वाडगं भरून! केळीच्या पानात बांधलेल्या चिकट भाताच्या पुड्या, एकावर एक. तिनं ते माझ्या हातात ठेवलं आणि वर माझा हात दाबला. रिकामं भांडं तिलाही चालत नव्हतं.

सोबतीण हळूच म्हणाली, "ताई, पुड्या पिशवीत घ्या अन् वाडगं ठिवा पायरीवर. काम झालं."

"हो," मी म्हटलं.

आणि तिला म्हटलं, "चल गं, बोट जाईल."

ती माझ्यामागून धक्क्यापर्यंत आली. तिथं पोचल्यावर माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "वाडगं?"

"राहिलं," मी म्हटलं.

ती पदर तोंडाला लावून अशी हसली की धक्क्यावरचे मासे पळाले असतील.

आता वाडगं देवळीत आहे, लोटीच्या शेजारी. तुमच्या लेकानं आल्या दिवशीच विचारलं, "हे कुनाचं?" मी म्हटलं, "बँकॉकच्या एका बाईचं. परत करायचं राहिलंय." मामंजी घ्यायचे तसंच त्यानं पान लावायला घेतलं. दुसऱ्याचं भांडं आहे. तो तरी काय म्हणणार? पासपोर्ट दहा वर्षं चालतो म्हणे. तोवर वाटेत आणखीही गावं असतील.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. घडी करून लोटीत ठेवते आहे, तेवढीच ती भरलेली राहील. घरात मी सगळ्यांना सांगितलंय की निघायच्या घाईत वाडगं हातातच राहिलं. तुम्हाला मात्र खरं सांगते, आत्याबाई. बोटीला अजून बराच वेळ होता.